बाबांची दाढ, गुळाचा खडा आणि नैराश्य: तोंडातल्या जंतूंचा मनाशी संबंध असतो का?

रंकाळ्याचा_वारा

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, पण घरातच घडलाय म्हणून इथे टाकतोय.

आई जाऊन चौदा महिने झाले. बाबा ७२ वर्षांचे. पहाटे रंकाळ्याला एक फेरी, येताना मंडईतून भाजी, संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध आणि तिथल्या चौघांशी राजकारण, हे त्यांचं तीस वर्षांचं वेळापत्रक. आई गेल्यावर सगळं थांबलं. दाढी नाही, आंघोळीला दहा वेळा सांगायचं, जेवताना घास हातातच राहायचा. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. नैराश्याचं निदान झालं, रात्रीची एक गोळी सुरू झाली. दीड-दोन महिन्यांत फरक पडला. पेपर मागायला लागले, पेपर उशिरा आला तर चिडायलाही लागले. आम्हाला त्या चिडण्याचंच कौतुक.

मग दाढ सुरू झाली. राजारामपुरीतल्या एका दंतवैद्य बाईंकडे गेलो. एका दाढेसाठी गेलो आणि पाच दातांना कीड निघाली, तीही वर चावायच्या जागी नाही, खाली हिरडीलगत. बाईंनी बाबांना पहिलाच प्रश्न विचारला, "काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" आणि दुसरा, "तोंडात काय धरून बसता?"

बाबा गप्प. मग मीच सांगितलं. गोळी सुरू झाल्यापासून तोंड सुकतं म्हणून ते गालात गुळाचा खडा धरतात. कागलकडच्या मामांच्या गुऱ्हाळातला घरचा गूळ. सदऱ्याच्या खिशात कागदाची पुडी कायम. रात्री झोपतानासुद्धा.

त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: नैराश्य तोंडातल्या जंतूंमुळे होतं, चुंबनातून नवरा-बायकोत पसरतं, गोळ्यांची गरजच नाही. माझी पुण्याची बहीण वाचून म्हणाली, "बघ, मूळ दातात आहे. गोळ्या बंद करू, दात नीट करू." त्यावरून आमचं फोनवर चांगलंच वाजलं.

तर जाणकारांना विचारतो. यात खरं किती? कीड आधी की नैराश्य आधी?

---

उगाच_एक

गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. एवढंच लिहायला लॉगिन केलं.

---

हिरडी_आणि_मी

मी दातांचा डॉक्टर आहे, इचलकरंजीत प्रॅक्टिस करतो. राजारामपुरीतल्या बाईंनी दोन प्रश्नांत केस सोडवली, त्यांना माझा नमस्कार सांगा.

लाळेला आपण काही किंमत देत नाही. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि आपण ती नकळत गिळतो. ती नुसतं पाणी नाही. तोंडातलं आम्ल मारणारे क्षार तिच्यात असतात, दाताची झीज भरणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, जंतूंना आवर घालणारी प्रथिनं असतात. गोड खाल्लं की काही मिनिटांत दातावरच्या थरातले जंतू त्याचं आम्ल करतात. सामू (पीएच) ५.५ च्या आसपास खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. मग लाळ येते, अर्ध्या-पाऊण तासात आम्ल निवळतं, विरघळलेलं थोडंफार परत भरून निघतं. ही ओढाताण दिवसभर चालू असते.

नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गटातल्या, लाळ कमी होते. नव्या गोळ्यांनी हा त्रास तुलनेनं कमी, पण होतच नाही असं नाही. (उलटंही असतं. क्लोझापिन नावाच्या गोळीने एवढी लाळ सुटते की सकाळी उशी ओली.) आता काकांचं बघा. लाळ आधीच कमी. त्यात झोपेत सगळ्यांचीच लाळ जवळजवळ बंद असते. आणि नेमकं तेव्हा गालात गूळ. जंतूंना रात्रभर पंगत, आणि उष्टी काढायला कोणी नाही. म्हातारपणी हिरड्या खाली सरकतात, दाताचं मूळ उघडं पडतं, मुळावर ते कठीण कवच नसतंच. म्हणून कीड हिरडीलगत.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: तुमच्या घरी नैराश्य आधी, गोळी नंतर, गूळ त्यानंतर, कीड शेवटी. बाण मनाकडून तोंडाकडे गेलाय. फॉरवर्डमध्ये तो उलटा काढलाय.

---

गुऱ्हाळकर

डॉक्टर, बाकी सगळं मान्य, पण गुळाला नाव ठेवायचं काम नाही. कोल्हापूरच्या गुळाला जीआय मानांकन आहे भावा. साखरेनं दात किडत्यात, गुळानं न्हाई. आमच्या आज्ज्यानं जन्मभर गूळ-शेंगदाणं खाल्लं, नव्वदीत ऊस दातानं सोलत होता.

---

हिरडी_आणि_मी

गुऱ्हाळकर दादा, गुळाचा मीही भक्त. पण गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, साखरेत असतं तेच. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स जंतू मानांकन बघत नाही. तुमच्या आजोबांनी गूळ शेंगदाण्याबरोबर चावून गिळला, वर पाणी प्यायले, ऊस सोलला तेव्हा धबाधब लाळ सुटली. तो गूळ दहा मिनिटांत पोटात. काकांचा खडा आठ तास गालात. किती खाल्लं यापेक्षा किती वेळ तोंडात राहिलं याला दात जास्त घाबरतात.

---

गुऱ्हाळकर

हां, मग ठीक. आठ तास म्हंजे काहिलीत रस आटवल्यागतच झालं की.

---

सूक्ष्मदर्शिका

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डॉक्टरांचं बरोबर, पण "बाण उलटा काढलाय" एवढ्यावर विषय संपत नाही, आणि फॉरवर्ड शंभर टक्के हवेतलाही नाही. म्हणूनच तो जास्त त्रासदायक.

तोंडात जंतूंच्या सुमारे ७०० जाती सापडतात. ऐकून घाण वाटतं, माझे विद्यार्थी पहिल्या प्रात्यक्षिकाला हमखास नाक मुरडतात. पण माणसाने जंतू अगदी सुरुवातीला जिथे पाहिले, त्यातली एक जागा म्हणजे दातांवरचा पांढरा थर. १६८३ साली लेव्हेनहुक या डच कापडव्यापाऱ्याने स्वतःच्या दातांवरचं खरवडून भिंगाखाली धरलं आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं की यात जिवंत प्राणी पोहताहेत. आणि सगळे वाईट नसतात. जिभेच्या मागच्या बाजूला राहणारे काही जंतू पालक, बीट यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड होतं, ते रक्तवाहिन्या सैल ठेवतं. हे काम आपल्या पेशी करत नाहीत, भाडेकरू करतात. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या उगाच महिनोन्महिने केल्या तर हे भाडेकरूही मरतात. काही अभ्यासांत त्यामुळे रक्तदाब किंचित वाढलेला दिसलाय.

आता मनाचं. २०२५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १५ हजारांहून जास्त प्रौढांची माहिती तपासली. लाळेतल्या जंतूंची विविधता ज्यांच्यात कमी, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त, असा संबंध दिसला. बातम्या इथे थांबल्या. पण ही एकाच वेळची पाहणी. कोण आधी, कोण नंतर, हे त्यातून कळत नाही, आणि हे त्या संशोधकांनीच सांगितलंय. सिगारेट, दारू, दात घासायच्या सवयी आणि गोळ्या या सगळ्यांनी जंतूंची वस्ती बदलते. नैराश्यात यातलं काय बदलत नाही? सगळंच बदलतं.

चुंबनाची गोष्ट इराणमधल्या नवविवाहित जोडप्यांवरच्या एका अभ्यासातून आली. एकाला नैराश्य-चिंता असेल तर सहा महिन्यांत दुसऱ्याच्या तोंडातले जंतूही तसे होतात आणि मनही खालावतं, असा दावा. अहो, ज्या घरात नवरा सहा महिने झोपत नाही त्या घरात बायकोचं मन खालावायला जंतू कशाला लागतात? जंतू जातात हे खरं. २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये २१ जोडप्यांवर मोजलं होतं, दहा सेकंदांच्या चुंबनात सुमारे ८ कोटी जंतू इकडून तिकडे. पण जंतू गेले म्हणजे दुःख गेलं असं होत नाही.

तोंडातून मेंदूकडे जायच्या वाटा शक्य आहेत. हिरड्या सुजलेल्या असतील तर नुसतं चावतानाही जंतू रक्तात उतरतात. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना दात काढण्याआधी प्रतिजैविक देतात ते याचसाठी, आणि जंतू असे रक्तात उतरतात ही गोष्ट पक्की सिद्ध आहे. शिवाय जुन्या सुजेतून दाहाची रसायनं रक्तात फिरत राहतात, आणि नैराश्याच्या काही रुग्णांत ही रसायनं वाढलेली आढळतात. इथपर्यंत ठीक. पण हिरड्यांवर उपचार केले की नैराश्य बरं होतं, हे अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

वाट सापडली म्हणजे मुक्काम सापडला असं नसतं, याचं ताजं उदाहरण. २०१९ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत पोर्फिरोमोनास जिंजिवॅलिस या हिरडीच्या जंतूचे विषारी एन्झाइम सापडले. मोठा गाजावाजा झाला. त्या एन्झाइमला रोखणारं औषध ६४३ रुग्णांवर वापरून पाहिलं. २०२१ मध्ये निकाल लागला: मुख्य निकषांवर नापास.

---

बखरीचे_पान

सूक्ष्मदर्शिका ताईंचा प्रतिसाद वाचून मला ट्रेंटन आठवलं. अवांतर आहे, पण रंकाळ्याचा_वारा यांनी बहिणीला वाचायला द्यावं.

१९१३ साली नोगुची आणि मूर यांनी वेड लागून मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचा जंतू दाखवला. म्हणजे एका प्रकारच्या वेडाचं कारण खरोखर जंतू निघाला. तिथून काही लोकांच्या डोक्यात बसलं की सगळंच वेड जंतूंचं. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन त्यातला सर्वांत धडाडीचा. त्याचं म्हणणं, दातांच्या मुळाशी लपलेल्या पुवातलं विष मेंदूत जातं. म्हणून त्याने रुग्णांचे दात उपटायला सुरुवात केली. दात काढून बरं नाही वाटलं तर टॉन्सिल. तेही जमलं नाही तर मोठ्या आतड्याचा तुकडा. प्रतिजैविकं अजून यायची होती, आतड्याच्या शस्त्रक्रियेत जवळजवळ तिसरा हिस्सा रुग्ण दगावत. तरी तो ८५ टक्के बरे होतात असं सांगत फिरायचा आणि वर्तमानपत्रं छापायची.

१९२४-२५ मध्ये फिलिस ग्रीनेकर या डॉक्टर बाईंनी रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या, घरी गेलेल्या रुग्णांना गाठलं, तेव्हा उलटंच दिसलं. तो अहवाल दाबला गेला. कॉटन ढोंगी नव्हता, हे सगळ्यात भयंकर. त्याने स्वतःच्या पोरांचेही दात काढवले होते.

---

उगाच_एक

आज रात्री झोप नाही.

---

मिश्रीवाली_आत्या

मी गडहिंग्लजकडची, वय विचारू नका. माझी सून मला टाइप करून देत्ये.

आमच्यात सकाळी चुलीवर तंबाखू भाजायची, चुरायची, बोटावर घेऊन दातांना लावायची. बोट फिरलं की डोकं मोकळं. घरात भांडण झालं, पोरगं आजारी पडलं, ऊसबिल लांबलं, की डबी. मनाचं औषध म्हणून आम्ही मिश्रीच लावली. नैराश्य हा शब्द आम्हाला कुठं ठाऊक, "जिवाला बरं वाटंना" एवढंच. दिवसात सहा-सात वेळा लावायची मी. पुढचे दात हलायला लागले तरी हिरडीतून रगत कधी आलं न्हाई, म्हणून वाटायचं हिरड्या घट्ट हायत.

दातांच्या डॉक्टरनी सांगितलं, आत्या, तंबाखूनं हिरडीचं रगतच आखडतं, म्हणून दिसत न्हाई. आणि डोकं मोकळं होतं ते, आधी तंबाखूनंच बांधलेलं सुटतं म्हणून. सोडली तेव्हा पंधरा दिवस सुनेवर खेकसले. ती हे टाइप करताना हसत्येय.

---

हिरडी_आणि_मी

आत्या, हा प्रतिसाद प्रिंट काढून दवाखान्यात लावू का? परवानगी द्या.

---

सकाळ_होत_नाही

बरेच दिवस वाचनमात्र होतो. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

मी ३४ वर्षांचा, उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये काम करतो. तीन वर्षांपूर्वी नैराश्य आलं. सलग तीन आठवडे दात घासले नव्हते. का, हे ज्यांना आलं नाही त्यांना सांगता येत नाही. ब्रश हातात घ्यायचा, पेस्ट लावायची, पाच मिनिटं उभं राहायचं, हे सगळं कोणीतरी पन्हाळा चढायला सांगितल्यासारखं वाटायचं. तोंडाला वास येतोय हे कळायचं, म्हणून लोकांशी लांबून बोलायचो. मग बोलणंच कमी केलं. मग आणखी खाली. तुम्ही बाण इकडे की तिकडे म्हणताय. माझ्यात तो गोल फिरत होता.

हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा एका दवाखान्यात गेलो. तिथे खुर्चीत आडवं करून, तोंड उघडं असताना, मदतनीस पोरीसमोर ऐकवलं, "शिकलेले दिसता, लाज नाही वाटत? जनावरं बरी." तोंड उघडं असताना उत्तरही देता येत नाही. त्यानंतर दीड वर्ष कुठल्याच दंतवैद्याकडे गेलो नाही. दोन दाढा गेल्या त्या तेव्हा.

नंतर बायकोने एक केलं. ती म्हणाली, बेसिनपाशी जाऊ नकोस, टीव्हीसमोर बसून घास, पेस्ट नको तर नुसता ओला ब्रश फिरव, एकदाच फिरव. जिथे बसलो तिथे तांब्या आणि वाडगा आणून द्यायची. लहान पोराला द्यावं तसं. त्यातून परत सुरू झालं. डॉक्टर लोकांना एवढंच सांगणं: तोंड बघून आधी विचारा, बरे आहात ना.

---

हिरडी_आणि_मी

वाचलं. दोनदा वाचलं. माझ्या खुर्चीतही मी अशी वाक्यं टाकली आहेत, शब्द वेगळे असतील. यापुढे नवीन रुग्णाच्या कागदावर "झोप कशी आहे" ही ओळ घालतो.

---

तीळतेल_महाराज

मंडळी, यावर आपल्या शास्त्रात गंडूष सांगितलाच आहे. रोज सकाळी तिळाचं तेल तोंडात धरा, जंतू जातील, मन प्रसन्न, गोळ्यांची गरज नाही. शिवाय तोंडातल्या चांगल्या जंतूंच्या प्रोबायोटिक गोळ्या माझ्याकडे मिळतील, व्यनि (खासगी निरोप) करा.

---

सूक्ष्मदर्शिका

महाराज, सगळ्या गोळ्या वाईट आणि तुमच्याकडच्या चांगल्या, असं कसं? तेल धरून कोणाला बरं वाटत असेल तर जरूर धरावं, नंतर थुंकावं आणि ब्रश करावा. प्रोबायोटिकने नैराश्याची गोळी सुटते असं सांगून विकणं मात्र थांबवा. संपादकांनी लक्ष घालावं.

आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाला आत्ता या क्षणी बोलायची गरज असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

---

रंकाळ्याचा_वारा

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण खेपा चालू होत्या.

राजारामपुरीतल्या बाईंनी मानसोपचाराच्या डॉक्टरांना स्वतः चिठ्ठी लिहून दिली. ती बघून डॉक्टरांनी आधीची गोळी हळूहळू कमी करत दुसरी सुरू केली, एका झटक्यात नाही. तोंड अजून थोडं सुकतं, पण पूर्वीसारखं नाही. चार दात भरले, एक काढावा लागला. फ्लोराइड जास्त असलेली पेस्ट लिहून दिली आहे, घासून झाल्यावर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. खिशात आता बिनसाखरेचं च्युइंगम. बाबांना ते अजिबात आवडत नाही. "रवंथ करायला मी काय म्हैस आहे का?" म्हणतात. पण चघळतात.

बहिणीला ट्रेंटनचा प्रतिसाद पाठवला. तिचा फोन आला, पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई गेल्यावर मला काहीतरी करायचं होतं रे. दात तरी करण्यासारखे वाटले." त्यावर मी काय बोलणार. ती पुढच्या रविवारी येतेय.

सकाळ_होत_नाही, तुमचं तांब्या-वाडग्याचं वाचून मला आठवलं, आजारी आजीला आई असंच करायची. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, नाव न सांगता. ऐकून म्हणाले, "मीपण घासत नव्हतो. तुम्हाला कळलं नाही." खरंच कळलं नव्हतं. ब्रश रोज ओला असायचा. नळाखाली धरून ठेवायचे.

परवा गंगावेशीत गेले होते, एकटे. दूध प्यायले की नाही विचारलं नाही.

---

गुऱ्हाळकर

काकांना सांगा, दिवाळीनंतर आमचं गुऱ्हाळ पेटतंय. काकवी न्यायला या. भाकरीसंगं खायची, गालात ठेवायची न्हाई.

---

हिरडी_आणि_मी

आणि वर पाणी.